कोणतं सर्टिफिकेट केलं की नोकरी लागते?

(निपाणीत तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं झालं, तसंच बहुतेक ठेवलं आहे.)

 

मला बोलावणं आलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. मी काही मोठ्या कंपनीतला साहेब नाही. बेळगावात एका लहान फर्ममध्ये नेटवर्कचं काम करतो. दवाखाने, कॉलेजं, पतसंस्था, कारखाने यांचं नेटवर्क बसवायचं आणि बंद पडलं की चालू करायचं, एवढंच माझं काम. पण गेलं वर्षभर आपल्या भागातली पोरं-पोरी मला फोन करतात. चिकोडीवरून, संकेश्वरवरून, खानापूरवरून. आणि प्रश्न एकच असतो. "दादा, कोणतं सर्टिफिकेट केलं की नोकरी लागते?"

एकेकाला फोनवर सांगून घसा बसला. म्हटलं, एकदाच सगळ्यांना सांगूया.

उत्तर आधी देतो, म्हणजे ज्यांची एसटी आहे ते जायला मोकळे. कोणतंच नाही. नुसतं सर्टिफिकेट केलं की नोकरी लागते, असं एकही सर्टिफिकेट जगात नाही. तरी मी स्वतः सर्टिफिकेट केलं, त्यासाठी घरातलं सोनं गहाण ठेवलं, आणि त्याचा मला उपयोग झाला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगायला मी आलोय.

माझी आई विड्या वळायची. निपाणीत हे वेगळं समजवायला लागत नाही. तंबाखूचं गाव आपलं, 1981 च्या तंबाखू आंदोलनाचं गाव. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा आणि कात्री. मजुरी दिवसावर नाही, हजार विड्यांवर. संध्याकाळी माल घेऊन गेलं की तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून बघायचा. सैल, आखूड, पान फाटलेली अशी दिसली की बाजूला. त्याला छाट म्हणायचे. छाटीचे पैसे नाहीत. हा छाट शब्द लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. मग आयटीआय, टर्नर. मग कागलच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सात वर्षं. ओव्हरटाइम धरून एकवीस हजार हातात यायचे. काम वाईट नव्हतं. ड्रॉइंग वाचायचं, ऑफसेट लावायचा, जॉब मायक्रॉनमध्ये मोजायचा. आजही मी त्या कामाला कमी म्हणत नाही. आयटीवाले शहाणे आणि मशीनवाले अडाणी, असं मनात असेल तर ते इथंच सोडून द्या.

2019 च्या पावसाळ्यात एक दिवस माझी मशीन प्रोग्रॅमच घेईना. आमच्या शॉपमध्ये ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून केबलनं मशीनला प्रोग्रॅम यायचा. मध्येच यायचा, मध्येच तुटायचा. मेंटेनन्सवाल्यांनी केबल बदलली, मशीन बंद-चालू केली, नारळ फोडायचा तेवढा राहिला. दोन शिफ्टचं प्रॉडक्शन गेलं. शेवटी पुण्याहून एक मुलगा आला, माझ्याच वयाचा. लॅपटॉप जोडला, काळ्या पडद्यावर चार ओळी टाइप केल्या आणि विचारलं, "गेल्या दोन दिवसांत नवीन काय बसवलंय?" स्टोअरमध्ये लेबल छापायचा नवीन प्रिंटर आला होता. त्या प्रिंटरला आणि माझ्या मशीनला एकच आयपी अॅड्रेस दिला गेला होता.

म्हणजे कसं, एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं. पोस्टमन एकदा ह्या घरात पत्र टाकतो, एकदा त्या घरात. प्रिंटर चालू झाला की मशीनची पत्रं तिकडं जायची. त्यानं प्रिंटरला दुसरा नंबर दिला. वीस मिनिटांत मशीन चालू.

मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही इंजिनिअर कुठल्या कॉलेजचे?" तो हसला. म्हणाला, "मी बी.कॉम. आहे. नंतर नेटवर्किंगची परीक्षा दिली."

मी तेव्हा काहीच केलं नाही. घरी आलो, जेवलो, झोपलो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला. कोगनोळीचा नाका बंद. माझं घर नाक्याच्या अलीकडं, मशीन पलीकडं. इतकी वर्षं मी तो नाका रोज दोनदा ओलांडत होतो, कधी मान वर करून बघितलं नव्हतं. तुमच्यापैकी ज्यांचे वडील, भाऊ कागलला, गोकुळ शिरगावला कामाला होते, त्यांना ते दिवस आठवत असतील. अडीच महिने पगार नाही. नंतर कारखाना सुरू झाला तरी पासाशिवाय जाता येईना, आणि कामावर आधी घेतलं ते तिकडच्या बाजूच्या पोरांना. त्यांची चूक नाही, ते पोचू शकत होते. पण मला कळलं की माझं पोट एका मशीनवर आणि एका नाक्यावर आहे.

तेव्हा पुण्याच्या त्या मुलाची आठवण झाली.

आता मी केलेली चूक ऐका, कारण तुमच्यापैकी निम्मे ती करायच्या तयारीत असणार.

मी एका क्लासची जाहिरात बघितली. नाव सांगत नाही, अशी जाहिरात तुम्हाला रोज मोबाईलवर दिसते. "शंभर टक्के नोकरीची हमी." फी पंचेचाळीस हजार. बायकोची बोरमाळ गहाण ठेवली. ती काही बोलली नाही, डब्यातून काढून हातावर ठेवली. क्लास चार महिने चालला. शिकवायचे थोडं, पण शेवटच्या महिन्यात एक फाईल दिली. चारशे प्रश्न, चारशे उत्तरं. "हे पाठ करा, ह्यातलंच येतं." ह्याला डम्प म्हणतात. मी पाठ केले. मशीनवर जॉब चालू असताना पाठ केले.

परीक्षा होती सीसीएनए. सिस्को कंपनीची नेटवर्कची परीक्षा, 1998 पासून चालू आहे. परीक्षेचा नंबर 200-301, वेळ 120 मिनिटं, फी 300 डॉलर. तेव्हाच्या भावानं कर धरून सव्वीस हजारांच्या आसपास झाले. पुण्याला जाऊन परीक्षा दिली. पहिल्या दहा मिनिटांत कळलं की आपण गेलो. प्रश्न ओळखीचे वाटायचे, पण आकृतीतला एक आकडा बदललेला असायचा. आणि ह्या परीक्षेत मागं जाऊन उत्तर बदलता येत नाही. एकदा पुढं गेलात की गेलात.

नापास.

निकालाचा कागद तेव्हा लगेच हातात मिळाला. विषयवार टक्के असतात त्यावर. एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये रस्ता कसा काढायचा, हा सगळ्यात मोठा भाग, 25 टक्के वजनाचा. त्यातच मी सगळ्यात खाली. म्हणजे पुण्याच्या मुलानं वीस मिनिटांत जे केलं, नेमकं तेच मला येत नव्हतं.

रात्री एसटीनं घरी आलो. आईनं विचारलं, "काय झालं रं?" म्हटलं, नापास झालो. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुमच्यात बी छाट काढत्यात व्हय?" वाईट वाटावं म्हणून नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं तिनं. पण मला ते लागलं. मी दिलेला माल सैलच होता. वरून पान नीट, आत तंबाखू नाही. काढली छाट.

आणि अजून एक सांगतो. डम्प वापरणं नियमाच्या विरुद्ध आहे. सापडलात तर निकाल रद्द होतो, पुढं परीक्षेला बसायची बंदी येऊ शकते. पण पकडलं नाही तरी काय? पास होऊन कामावर गेलो असतो तर पहिल्या दिवशी तिथं कुणीतरी छाट काढलीच असती.

पुढं चौदा महिने मी एकही रुपया क्लासला दिला नाही. पहाटे साडेचार ते साडेसहा अभ्यास, मग कामावर. काय काय वापरलं ते लिहून घ्या.

पहिलं, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. लहान लहान व्हिडिओ, फुकट. त्यातले बरेच मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत. मी लिनक्स त्यावर शिकलो, मराठीत. टर्मिनल म्हणजे काय, फाईलला परवानगी कशी देतात, हे मला पहिल्यांदा माझ्या भाषेत कळलं. व्हिडिओ थांबवायचा, स्वतः टाइप करायचं, परत चालू करायचा.

दुसरं, एनपीटेल. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं, फुकट. खरगपूरचा कॉम्प्युटर नेटवर्कवरचा कोर्स मी दोनदा बघितला. पहिल्यांदा इंग्रजी कळायचं नाही, दुसऱ्यांदा कळलं. नुसतं बघायला पैसे लागत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी.

तिसरं, पॅकेट ट्रेसर. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर नाव नोंदवलं की फुकट मिळतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर राऊटर, स्विच मांडायचे, केबल जोडायची आणि मुद्दाम बिघाड करायचा. मी रोज एक बिघाड करायचो आणि दुसऱ्या दिवशी तो शोधायचो. मशीनवर सात वर्षं हेच केलं होतं. आवाज वेगळा आला की कुठून आला ते शोधायचं. आधी सोपं तपासायचं, मग अवघड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ही सवय मला कुठल्या क्लासनं दिली नाही, शॉप फ्लोअरनं दिली. म्हणून सांगतो, तुम्ही आज जे काम करता, ते वाया गेलं असं समजू नका. मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असाल, पतसंस्थेत कारकून असाल, केबल टीव्हीच्या वायरी ओढत असाल, त्यातलं काही ना काही तिकडं कामाला येतं.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते सबनेटिंग. मलाही घाबरवलं. मग एक दिवस शेतावर बांधावर बसलो असताना कळलं. समजा तुमच्याकडं 256 नंबरांचं एक रान आहे. चार भावांत वाटायचं. प्रत्येकाला 64. पण प्रत्येकाच्या वाट्यातला पहिला नंबर रानाचं नाव म्हणून जातो आणि शेवटचा नंबर सगळ्यांना एकदम हाक मारायला जातो. म्हणजे वापरायला 62. वाटणी केली की बांधात जमीन जाते, तसंच. आठ भावांत वाटलं तर प्रत्येकाला 32, वापरायला 30. जितके तुकडे जास्त, तितकी बांधात जमीन जास्त. हे ज्याच्या घरात वाटणी झालीय त्याला शिकवायला लागत नाही. पुस्तकात हेच /26 आणि /27 असं लिहितात, तेव्हा आपण घाबरतो.

म्हणून भाषेबद्दल माझं मत असं. समजून घ्यायचं ते आपल्या भाषेत घ्या. लाज कसली? पण परीक्षा इंग्रजीत आहे, बिघाडाचा संदेश इंग्रजीत येतो, तेव्हा शब्द इंग्रजीतच ओळखता आले पाहिजेत. मी एक वही केली होती. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला माझ्या शब्दांत अर्थ. "डिफॉल्ट गेटवे" म्हणजे गावातून बाहेर पडायचा रस्ता. "डीएनएस" म्हणजे नावावरून नंबर सांगणारा माणूस. दोनशेच्या वर शब्द झाले. ती वही अजून आहे, आज आणलीय, बघून घ्या.

आता आपल्या भागाची एक खास अडचण. माझं नाव "ज्ञ" ने सुरू होतं. मराठीत आपण ज्ञ इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहितो. कर्नाटकातल्या कागदांवर बऱ्याचदा जे-एन असा लिहितात. माझ्या दहावीच्या मार्क कार्डावर एक, आधारवर दुसरं, आणि परीक्षेच्या नोंदणीत मी टाइप केलं ते तिसरंच. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळावं लागतं, नाहीतर दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. दुसऱ्या वेळी परीक्षेच्या चार दिवस आधी एका मित्रानं सहज विचारलं म्हणून माझ्या लक्षात आलं. धावपळ करून तारीख पुढं ढकलली आणि नाव दुरुस्त करून घेतलं. अठ्ठावीस हजार वाचले. तुमच्यापैकी किती जणांच्या आधारवर, मार्क कार्डावर आणि पॅनवर नाव एकसारखं आहे? हात वर करा... बघा, निम्मेसुद्धा नाहीत. हे काम आधी करा. अभ्यास उद्या.

पण ह्याची दुसरी बाजूही सांगतो. सरकारी नोकरीचा फॉर्म भरताना आपल्याला रहिवासी दाखला लागतो, भाषेची अट असते, कुठल्या बाजूचे हे विचारतात. आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी त्या कागदांची एक पिशवी आहे. ह्या परीक्षेच्या फॉर्मवर त्यातलं काही नाही. राज्य नाही, माध्यम नाही, जात नाही, पदवीसुद्धा नाही. सीसीएनएला बसायला शिक्षणाची कुठलीच अट नाही. कोगनोळीच्या अलीकडं राहता की पलीकडं, ते तिथं विचारत नाहीत. येतंय का, एवढंच विचारतात. मला त्या गोष्टीचं फार बरं वाटलं होतं.

2022 च्या शेवटी मी दुसऱ्यांदा बसलो आणि पास झालो.

इथं टाळ्या नकोत, कारण खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. चाळीसच्या वर ठिकाणी अर्ज केले. सदतीस ठिकाणांहून उत्तरच नाही. वय एकतीस, अनुभव मशीनचा, पदवी नाही. सर्टिफिकेट होतं, पण तेच सर्टिफिकेट असलेली बावीस वर्षांची पोरं रांगेत होती, इंजिनिअरिंगची पदवी घेऊन.

बेळगावातल्या ह्या फर्मनं मुलाखतीला बोलावलं. साहेबांनी सर्टिफिकेट बघितलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, "तुम्ही स्वतः शोधलेला एक बिघाड सांगा." मी त्यांना सांगितलं की पुण्याच्या मुलाचं बघून मी नंतर कारखान्यात काय केलं. रविवारी सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्सच्या माणसाला घेऊन मी सगळ्या मशीनचे अॅड्रेस वहीत लिहून काढले होते. कुठल्या मशीनला कुठला नंबर, कुठली केबल कुठल्या स्विचला. त्यात अजून दोन ठिकाणी तीच चूक सापडली होती, बिघाड व्हायच्या आधी. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळाले नव्हते. साहेब म्हणाले, "वही आहे?" मी मोबाईलमध्ये फोटो दाखवला. त्यांनी पाच मिनिटं तो फोटो बघितला. तिथंच काम झालं.

सर्टिफिकेटमुळं माझा अर्ज कचऱ्यात गेला नाही. वहीमुळं नोकरी मिळाली. दोन्ही लागलं. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कळलं असेल.

आणि पगार? चौदा हजार. एकवीस सोडून चौदा. घरी सांगायला तोंड नव्हतं. दहा महिने आम्ही तसे काढले. बायको शिवणकाम करत होती म्हणून निघाले. हे कुणी जाहिरातीत सांगत नाही. क्षेत्र बदलताना बहुतेकांना एक पायरी खाली उतरावं लागतं. किती महिने उतरता येईल, हा हिशोब घरच्यांना बसवून, कागदावर मांडून करा. लपवून करू नका. आज मला बत्तीस हजार मिळतात. बोरमाळ सोडवली. मशीनवर राहिलो असतो तर कदाचित अठ्ठावीस झाले असते. म्हणजे फरक फार नाही. पण आता माझं पोट एका मशीनवर आणि एका नाक्यावर नाही.

अजून एक गोष्ट, काहींना रुचणार नाही. कामावर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कन्नडचा. आमची गिऱ्हाइकं हुबळी, बागलकोट, गोकाकला आहेत. दवाखान्यातलं बिलिंग बंद पडलं की समोरचा माणूस घाबरून फोन करतो, तो त्याच्या भाषेत बोलतो. कोल्हापूर-सांगलीचं गिऱ्हाईक मराठीत बोलतं. पुण्या-मुंबईच्या कंपनीशी हिंदी-इंग्रजी. चार भाषांत फोन घेणारा माणूस कुठल्या कॉलेजात तयार होत नाही, तो आपल्या गावात तयार होतो. मराठी आपली आहे, ती कुणी देणार नाही आणि कुणी नेणार नाही. पण शाळेत शिकलेली कन्नड ही तुमची कमाई आहे. अर्जात लिहा, लपवू नका.

आता थोडक्यात, कुणी काय करावं. मला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतो.

कॉम्प्युटर दुरुस्ती, हेल्पडेस्क ह्यात जायचं असेल तर कॉम्प्टियाची ए प्लस. 1993 पासून आहे. दोन पेपर, प्रत्येकी 90 मिनिटं. दोन्ही पास झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, म्हणजे फीसुद्धा दोनदा.

नेटवर्कला सीसीएनए. त्याबद्दल बोललोच.

लिनक्सचे सर्व्हर सांभाळायचे असतील तर रेड हॅटची आरएचसीएसए. ही मला सगळ्यात प्रामाणिक परीक्षा वाटते. तिच्यात पर्याय नाहीत, चालू मशीन देतात आणि कामं करायला सांगतात. 300 पैकी 210 मिळाले तर पास. पाठ करून होतच नाही.

क्लाउडचं नाव सगळे घेतात. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर 65 प्रश्न, 90 मिनिटं, 100 डॉलर. ती ओळखीची परीक्षा आहे. तेवढ्यावर काम मिळेल असं धरू नका, पुढच्या पायरीला जावं लागतं. आणि नेटवर्क, लिनक्स न शिकता क्लाउडला गेलात तर पाया नसताना मजला चढवल्यासारखं होतं.

प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर सर्टिफिकेटपेक्षा तुम्ही लिहिलेला, चालणारा प्रोग्रॅम जास्त बोलतो. गावच्या दूध डेअरीचा हिशोब लिहून दाखवा, त्याला किंमत आहे.

ह्या परीक्षा घरी बसूनही देता येतात, कॅमेऱ्यासमोर. पण खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, आवाज होता कामा नये. आपल्या घरात दोन तास कुणी दार न उघडणं शक्य आहे का, तुम्हीच सांगा. केंद्रावर जा. आणि मी नावं घेतलेली ही सर्टिफिकेटं तीन वर्षं चालतात, नंतर नवीन करावी लागतात. लायसन्ससारखं.

पैशाबद्दल माझा एकच नियम. शिकायला आधी पैसे देऊ नका, परीक्षेला शेवटी द्या. तीन महिने फुकटच्या साधनांवर रोज दोन तास बसा. बसता आलं तर पुढं जा. नाही बसता आलं, तर पंचेचाळीस हजार वाचले. नोकरीची हमी देणाऱ्याला एकच विचारा, "लेखी देता का? नाही लागली तर किती दिवसांत पैसे परत?" बहुतेक ठिकाणी तिथंच बोलणं संपतं.

मुलींना वेगळं सांगायचं आहे. माझ्या गल्लीतली एक पोरगी, तिची आईही विड्या वळते. ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर पॅकेट ट्रेसर शिकतेय. घरचे म्हणतात, लग्न ठरेपर्यंत शिकू दे. मी तिच्या वडिलांना म्हटलं, मामा, हे काम लग्नानंतर कुठल्याही गावात करता येतं, ते आधी बघा. ते हसले, पण लॅपटॉप परत पाठवला नाही. तुमच्या घरात बहीण असेल तर घरातला लॅपटॉप आधी तिच्या हातात द्या.

ह्या क्षेत्रात सगळं गोड नाही. कंपन्या माणसं कमी करतात, नवीन तंत्र येतं, कालचं काम उद्या लागत नाही. मी तुम्हाला कसली हमी देत नाही. जो देतो त्याच्यापासून लांब राहा, एवढंच म्हणतो. पण बिघाड शोधता येणारा माणूस, मशीनचा असो की नेटवर्कचा, उपाशी राहिलेला मी अजून बघितला नाही.

पास झालो त्या दिवशी आईला कागद दाखवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्या बारीला छाट निघाली न्हाई न्हवं?" म्हटलं, न्हाई निघाली.

बास, माझं एवढंच. आता मी मागच्या टेबलावर बसतोय, लॅपटॉप आणि वही घेऊन. ज्यांनी आधार आणि मार्क कार्ड आणलंय त्यांनी आधी या. नावं जुळतात का ते बघूया. बाकीचं नंतर.